हायब्रिड गाडीसाठी इंजिन ऑइलची ग्रेड कशी ठरवावी?

साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीपर्यंत बाहेरच्या गॅरेजमध्ये हायब्रिड गाडी ऑइल बदलायला नेली की कंपनीनं सांगितलेल्या ०डब्ल्यू-१६ सारख्या पातळ ग्रेडच्या ऑइलबद्दल एक सल्ला हमखास कानावर पडतो. "०डब्ल्यू-१६ म्हणजे नुसतं पाणी आहे साहेब. आपल्याकडचं ऊन बघा, घाट बघा. जरा घट्ट ऑइल टाकू, इंजिन टिकेल." सांगणाऱ्याच्या मनात गाडीची काळजीच असते. त्याच्या उमेदीची वर्षं डिझेल जीप, ट्रॅक्टर आणि जुन्या पेट्रोल गाड्यांवर काम करण्यात गेलेली असतात आणि त्या इंजिनांना घट्ट ऑइल खरोखर मानवायचं. हायब्रिड इंजिनाचं आयुष्य मात्र वेगळ्या पद्धतीनं जातं. ते थांबून थांबून चालतं, पुरतं तापत नाही आणि एका फेरीत कितीतरी वेळा बंद-चालू होतं. अशा इंजिनात घट्ट ऑइल टाकलं तर ते जपण्याऐवजी जास्त झिजण्याची शक्यता असते.

आपल्या भागात स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे निव्वळ बॅटरीवरही चालू शकणाऱ्या, गाड्या खऱ्या अर्थानं दिसू लागल्या त्या २०२२ पासून. होंडा सिटीची हायब्रिड, टोयोटाची हायरायडर, मारुतीची ग्रँड विटारा आणि त्यामागोमाग इनोव्हा हायक्रॉस. यातल्या बऱ्याच गाड्यांच्या मोफत सर्व्हिसिंगच्या फेऱ्या आता संपल्या आहेत आणि ऑइल कोणतं घालायचं याचा निर्णय मालकाच्या हातात आला आहे. म्हणून हा लेख जरा मुळापासून लिहितो आहे.

डब्यावरचे आकडे

०डब्ल्यू-२० या नावात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. डब्ल्यूच्या अलीकडचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो. ०डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे ३५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर, १५डब्ल्यूची उणे २० वर. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की आपल्याकडे बातमी होते, तेव्हा ही तापमानं आपल्या वाट्याला कधीच येणार नाहीत. "मग ०डब्ल्यू कशाला?" हा प्रश्न त्यामुळेच रास्त वाटतो. त्याचं उत्तर पुढे येईल.

डब्ल्यूनंतरचा आकडा गरम इंजिनातला घट्टपणा सांगतो. तो १०० अंश सेल्सिअसला सेंटिस्टोक या एककात मोजतात. १६ च्या ऑइलसाठी ६.१ ते ८.२, २० साठी ६.९ ते ९.३, ३० साठी ९.३ ते १२.५ आणि ४० साठी १२.५ ते १६.३ अशी हद्द ठरलेली आहे. १६ आणि २० च्या हद्दी एकमेकींत शिरलेल्या आहेत हे लक्षात घ्या. १६ म्हणजे पाणी आणि २० म्हणजे ऑइल असा काही प्रकार नाही.

आणखी एक मोजमाप असतं, ते डब्यावर छापत नाहीत पण कंपनीच्या माहितीपत्रकात मिळतं: एचटीएचएस. १५० अंशांवर, बेअरिंगमध्ये ऑइल जोरात रगडलं जात असताना त्याचा थर किती टिकतो हे त्यावरून कळतं. १६ ला किमान २.३, २० ला २.६, ३० ला २.९ आणि १५डब्ल्यू-४० ला ३.७. इंजिन बनवणारा अभियंता बेअरिंगमधली फट, ऑइल पंपाची ताकद आणि व्हॉल्व टायमिंगच्या नळ्या या आकड्यांना धरून आखतो. २.३ वर टिकेल असं आखलेलं इंजिन २.३ वर टिकतं. ३.७ दिल्यानं ते दीडपट टिकाऊ होत नाही.

आता गार इंजिनाकडे वळू. ४० अंशांवर मोजलं तर ०डब्ल्यू-१६ साधारण ३५ सेंटिस्टोकच्या आसपास असतं, ०डब्ल्यू-२० साधारण ४५, ५डब्ल्यू-३० साठ-पासष्ट, आणि १५डब्ल्यू-४० थेट ११० च्या घरात. सकाळी सात वाजता गाडी बाहेर काढता तेव्हा चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यातलं) ऑइल वीस-पंचवीस अंशांवर असतं. त्या तापमानाला हा फरक आणखी रुंदावतो. गुऱ्हाळातली काकवी कढईत पाण्यासारखी वाहते आणि बरणीत गार झाली की चमच्याला सोडत नाही, तसंच ऑइलचं आहे. उणे ३५ ची थंडी आपल्याकडे नाही, पण ०डब्ल्यू ऑइलचा फायदा सांगलीतल्या साध्या सकाळीही मिळतो तो असा.

बाहेरचं ऊन आणि इंजिनातलं ऊन

जत-आटपाडीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. माण-खटावमध्येही वेगळं काही नसतं. त्यावरून "ऊन कडक, म्हणून ऑइल घट्ट" असा निष्कर्ष सहज निघतो. पण इंजिनाच्या आतलं तापमान थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि पंखा मिळून सांभाळतात. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, साधारण ८० ते ९५ अंशांच्या पट्ट्यात ठेवलं जातं, मग बाहेर जतमधले ४२ अंश असोत की पाचगणीतले १२. महामार्गावर सलग चालणाऱ्या साध्या गाडीत ऑइल ९० ते ११० अंशांपर्यंत जातं. कडक उन्हानं त्यात थोडी भर पडते, पण तेवढ्यासाठी दोन ग्रेड वर चढायचं कारण नसतं.

हायब्रिडमध्ये तर ऑइल तेवढंही तापत नाही. गावात निम्मा वेळ इंजिन बंदच असतं. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे रांगत जाताना गाडी बॅटरीवर चालते आणि इंजिन गार होत राहतं. मग ओव्हरटेक करायला पाय दाबला की तेच गार इंजिन क्षणात कामाला लागतं. घट्ट ऑइल अडचण करतं ते नेमकं या क्षणी.

हायब्रिड इंजिनाचा दिवस

साध्या गाडीत स्टार्टर मोटर इंजिनाला कसंबसं फिरवते, इंजिन पेट घेतं आणि थोडा वेळ रिकामं फिरून मग भार उचलतं. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोठी विद्युत मोटर इंजिनाला एका झटक्यात हजारेक फेऱ्यांपर्यंत नेते, मग पेट्रोल सुटतं आणि लगेच भार येतो. अशी सुरुवात सकाळी एकदाच होत नाही. सांगलीहून मिरजेला जाऊन येण्यातही ती अनेकदा होते. प्रत्येक वेळी बेअरिंगमध्ये ऑइलचा दाब नव्यानं तयार व्हावा लागतो. तो तयार होईपर्यंत धातूला आधार असतो तो चिकटून राहिलेल्या पातळ थराचा आणि ऑइलमधल्या झीजरोधक द्रव्यांचा. जे ऑइल लवकर वाहतं ते लवकर पोचतं.

दुसरा प्रश्न पाण्याचा आणि पेट्रोलचा. पेट्रोल जळताना वाफ तयार होते. त्यातली थोडी पिस्टन रिंगांजवळून खाली चेंबरमध्ये उतरते. ऑइल पुरेसं तापलं तर ही वाफ उडून जाते, नाही तर पाणी होऊन ऑइलमध्येच राहते. गार सिलिंडरवर न जळलेलं पेट्रोलही असंच खाली झिरपतं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतले साखर कारखाने ते बनवतात आणि ऊसवाल्याच्या दृष्टीनं ती चांगलीच गोष्ट आहे. पण इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता लागते, त्यामुळे गार इंजिनात ते नीट उडत नाही, आणि पाण्याशीही त्याची लगेच मैत्री होते. ऑइलमध्ये चार-पाच टक्के पेट्रोल मिसळलं तर २० चं ऑइल १६ सारखं वागू लागतं.

इथे काहींना वाटेल की मग आधीच घट्ट ऑइल घालून ठेवावं, पातळ झालं तरी उरेल. मला हा उपाय पटत नाही. पेट्रोल आणि पाणी मिसळल्यानं फक्त घट्टपणा जात नाही, ऑइलमधली द्रव्यंही मरतात आणि आम्ल तयार होतं. त्यावर दोनच खरे उपाय आहेत: ऑइल वेळेवर बदलणं आणि इंजिनाला अधूनमधून नीट तापू देणं.

घाट उतरताना

घाटाचा मुद्दा सगळे चढासाठी काढतात. हायब्रिडमध्ये उताराकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. पाचगणीहून पसरणी घाटानं वाईला उतरताना साधारण ५५० मीटर खाली यावं लागतं. माणसांसह पंधराशे किलोच्या गाडीचा हिशेब केला तर या उतारात दोन युनिटपेक्षा जास्त ऊर्जा मोकळी होते. हायरायडरच्या बॅटरीची एकूण क्षमता ०.७६ युनिट आहे आणि त्यातलीही काहीच वापरात असते. घर्षण, हवेचा रोध आणि चार्जिंगमधली तूट वजा केली तरी घाट संपायच्या आत बॅटरी भरते. मग गाडी काय करते? पेट्रोल न देता मोटरनं इंजिन फिरवते आणि वरची ऊर्जा त्यात जिरवते. कासहून यवतेश्वरमार्गे साताऱ्यात उतरताना इंजिन एकाएकी गुरगुरू लागतं ते म्हणूनच. गिअर 'बी' वर, म्हणजे इंजिनाच्या ब्रेकिंगवर, टाकला असेल तर जास्तच.

या वेळी इंजिनात आग नसते, पण क्रँकशाफ्ट, पिस्टन आणि चेन वेगानं फिरत असतात. ऑइल गार होत जातं आणि काम चालूच राहतं. इथेही लवकर वाहणारं ऑइल उपयोगी पडतं.

चढाबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. पुण्याकडून येताना खंबाटकी चढू लागलं की हायब्रिडचं इंजिन एका सुरात ओरडत राहतं आणि गाडीचा वेग मात्र तेवढा वाढत नाही. "ऑइल पातळ आहे, म्हणून आवाज येतोय" असं निदान लगेच होतं. या गाड्यांत साधे गिअर नाहीत. भार वाढला की संगणक इंजिनाला त्याच्या ताकदीच्या फेऱ्यांवर नेऊन ठेवतो. ऑइल बदलून तो आवाज जाणार नाही. घट्ट ऑइलनं तो थोडा दबल्यासारखा वाटला तरी त्यानं इंजिनाचं काही भलं होत नाही.

पायरी पहिली: आपली गाडी नेमकी कोणती

हायब्रिड हा शब्द दोन फार वेगळ्या गाड्यांवर चिकटवलेला आहे. माइल्ड हायब्रिडमध्ये लहानशी मोटर इंजिनाला हात देते आणि सिग्नलला इंजिन बंद करते, पण गाडी चालत असताना इंजिन बहुतेक वेळ चालूच असतं. ऑइलच्या दृष्टीनं ती जवळजवळ साधी पेट्रोल गाडी. स्ट्राँग हायब्रिडमध्ये गाडी निव्वळ बॅटरीवरही चालते आणि वर सांगितलेलं सगळं तिला लागू होतं.

गोंधळ वाढतो तो एकाच नावाखाली दोन्ही मिळतात म्हणून. ग्रँड विटारा माइल्ड हायब्रिडमध्ये १४६२ सीसीचं चार सिलिंडरचं मारुतीचं इंजिन येतं, तर स्ट्राँग हायब्रिडमध्ये १४९० सीसीचं तीन सिलिंडरचं टोयोटाचं. हायरायडरचंही तसंच. शेजाऱ्याच्या ग्रँड विटारामध्ये कोणतं ऑइल पडलं यावरून आपलं ठरवू नका. आरसी बुकावर सीसी लिहिलेली असते, ती बघून मग पुढे जा.

पायरी दुसरी: पुस्तिका उघडा

डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये पडलेली मालक पुस्तिका हाच या विषयातला शेवटचा शब्द. देखभाल किंवा तांत्रिक माहितीच्या भागात शेवटाकडे ऑइलचं पान असतं. त्यात चार गोष्टी बघून कागदावर लिहून घ्या: पहिल्या पसंतीची ग्रेड, पर्यायी ग्रेड, एपीआय किंवा आयएलएसएसी (ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या संस्था) यांचा दर्जा आणि फिल्टरसह लागणारं प्रमाण. बऱ्याच गाड्यांत ऑइलच्या झाकणावरही ग्रेड छापलेली असते. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलची आणि आपल्या वर्षाची उतरवून घ्या. परदेशी व्हिडिओंत त्याच नावाच्या गाडीचं इंजिन वेगळं असू शकतं.

सध्याच्या हायब्रिड गाड्यांत बहुधा ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० यांपैकी एक लिहिलेलं सापडेल. तेच घ्यावं. सातारा आणि सांगली जिल्ह्यात राहणाऱ्या, ऑफिस, बाजार, शेत आणि अधूनमधून पुणे-कोल्हापूर करणाऱ्या बहुतेकांसाठी ग्रेडची निवड इथेच संपते.

पायरी तिसरी: एक ग्रेड वर कधी जावं

टोयोटाच्या कित्येक पुस्तिकांत असं लिहिलेलं असतं की ०डब्ल्यू-१६ न मिळाल्यास ०डब्ल्यू-२० चालेल, पण पुढच्या बदलाच्या वेळी परत ०डब्ल्यू-१६ वर यावं. त्याच पानावर असंही असतं की सतत जास्त वेग किंवा जड भार असेल तर जास्त आकड्याचं ऑइल अधिक योग्य ठरू शकतं. दोन्ही वाक्यं एकत्र वाचली पाहिजेत.

समजा तुमची सात आसनी हायब्रिड गाडी व्यवसायासाठी चालते. रोज माणसं आणि सामान भरून कऱ्हाडहून पाटण, कोयना करत कुंभार्ली घाटानं चिपळूण गाठते आणि त्याच दिवशी परत येते. इथे इंजिन नीट तापतं, भार मोठा असतो आणि तो तासन् तास टिकतो. पुस्तिकेत पर्याय म्हणून ०डब्ल्यू-२० दिलेलं असेल तर अशा गाडीत ते घालणं मला समंजसपणाचं वाटतं. ॲव्हरेजमधला फरक मीटरवर जेमतेम जाणवेल एवढाच पडतो. वर्षातून दोनदा सहकुटुंब महाबळेश्वरला जाणाऱ्या गाडीला हे लागू नाही. दोन दिवसांच्या घाटासाठी वर्षभराचं ऑइल ठरत नसतं.

लाखाच्या पुढे चाललेली आणि ऑइल खाऊ लागलेली गाडी हा वेगळा विषय. तिथेही आधी गळती, पीसीव्ही व्हॉल्व (चेंबरमधली वाफ बाहेर काढणारी झडप) आणि पातळी तपासून घ्या, मग पुस्तिकेतल्या परवानगीपुरती एक पायरी वर जा. पुस्तिकेत नाव नसलेलं १०डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० मात्र कोणत्याही कारणानं नको. व्हॉल्व टायमिंगची यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते, पंप ठराविक घट्टपणा धरून बनवलेला असतो, आणि वॉरंटीचा दावा अडला तर बिलावरची ग्रेड पहिल्यांदा पाहिली जाते.

रात्री विटा आणि जतच्या दरम्यान ऑइलचा लाल दिवा लागला तर? गाडी लगेच बाजूला घेऊन बंद करा. ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी कोरडी निघाली तर जवळच्या दुकानात मिळेल ते चांगल्या दर्जाचं पेट्रोल गाडीचं ऑइल, अगदी ५डब्ल्यू-३० असलं तरी, पातळी खालच्या खुणेवर येईपर्यंत घालणं हे ऑइलविना चालवण्यापेक्षा शंभर पटीनं बरं. घातल्यावरही दिवा विझला नाही तर पुढे चालवू नका, गाडी उचलूनच न्या. आणि गावी पोचल्यावर गळती शोधून सगळं ऑइल बदला.

पायरी चौथी: ग्रेडइतकाच महत्त्वाचा दर्जा

डब्यावर एक गोल चिन्ह असतं. त्याच्या वरच्या भागात एपीआयचा दर्जा आणि मधोमध ग्रेड लिहिलेली असते. एसपी हा दर्जा मे २०२० पासून आला, एसक्यू मार्च २०२५ पासून. पुस्तिकेत एसएन लिहिलं असेल तर एसपी किंवा एसक्यू चालतं, उलटं चालत नाही. एसपीमध्ये टायमिंग चेनची झीज आणि गाळ रोखण्याच्या कसोट्या कडक झाल्या. थांबून थांबून चालणाऱ्या हायब्रिडला याचा थेट उपयोग आहे.

आयएलएसएसीच्या जीएफ-६ मध्ये दोन भाग केले आहेत: ए आणि बी. बी हा फक्त ०डब्ल्यू-१६ साठी आहे आणि त्याचं चिन्ह मुद्दाम वेगळं, ढालीच्या आकाराचं ठेवलं आहे, म्हणजे ०डब्ल्यू-२० च्या इंजिनात कुणी चुकून ०डब्ल्यू-१६ ओतू नये. गाडीला ०डब्ल्यू-२० च लिहिलेलं असेल तर ०डब्ल्यू-१६ घालू नका. एक पायरी वर जाण्यापेक्षा एक पायरी खाली येणं जास्त धोक्याचं.

ज्या डब्यावर नुसतं सीआय-४ किंवा सीके-४ असेल ते डिझेलचं ऑइल. जेएएसओ एमए लिहिलेलं असेल ते मोटारसायकलचं, ओल्या क्लचसाठी बनवलेलं. दोन्ही बाजूला ठेवा. "हायब्रिड स्पेशल" असं मोठ्या अक्षरात छापलेले डबेही बाजारात आहेत. एपीआयमध्ये हायब्रिडसाठी असा वेगळा वर्ग नाही. तो डबा चांगला असूही शकतो, पण निवड ग्रेड आणि दर्जा बघूनच करा.

०डब्ल्यू-१६ आणि ०डब्ल्यू-२० साध्या खनिज तेलापासून बनवता येत नाहीत, त्यामुळे ती पूर्ण किंवा अंशतः सिंथेटिक असतात आणि महागही पडतात. कोणी फारच स्वस्तात देत असेल तर तिथेच थांबा.

पायरी पाचवी: खरेदी

या ग्रेड लहान गावांत कमी खपतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरून किंवा अधिकृत वितरकाकडून सीलबंद डबा घ्या आणि बिल घ्या. झाकणाची कडी अखंड आहे का, बॅच नंबर आणि बनवल्याची तारीख खोडलेली तर नाही ना, क्यूआर कोड असेल तर तो मोबाइलवर उघडतो का, हे काउंटरवरच बघा. पिंपातलं सुटं ऑइल घेऊ नका. रिकामे डबे भरून परत विकण्याचा धंदा देशभर चालतो, म्हणून काम झाल्यावर आपला डबा आपल्यासमोर भोक पाडून टाकायला सांगा. मेकॅनिकला राग येणार नाही, चांगल्या मेकॅनिकला हे माहीत असतं.

पायरी सहावी: गॅरेजमध्ये उभं राहून

इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण चूक झाली तर माणसाला इजा होते. हायब्रिड गाडी 'रेडी'मध्ये, म्हणजे चालायला तयार स्थितीत, असताना पूर्ण शांत असते आणि बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. खाली माणूस नट खोलत असताना ते सुरू झालं तर हात जाईल. गाडी पॉवर बटणानं पूर्ण बंद करा, रेडीचा दिवा विझल्याची खात्री करा आणि चावी गाडीपासून लांब न्या. नारिंगी रंगाच्या केबलना कुणीही हात लावायचा नाही.

गाडीखाली चेंबरच्या नटाजवळच ट्रान्सॲक्सलचा, म्हणजे चाकांना ताकद पोचवणाऱ्या गिअरपेटीचा, नटही असतो. नवख्या हातून तोच उघडला जाण्याचा धोका खरा आहे. ट्रान्सॲक्सलमध्ये वेगळं ऑइल असतं. ते सांडलं आणि वरून इंजिनात डबाभर ऑइल जास्तीचं पडलं, तर दोन्ही बाजूंनी नुकसान. मेकॅनिकनं हायब्रिडचं काम आधी केलं नसेल तर नट खोलायच्या आधी "इंजिनाचा चेंबर कुठला, दाखवा" असं विचारायला संकोच करू नका.

फिल्टर दर वेळी नवा आणि नटाचा वॉशरही नवा. ऑइल पुस्तिकेतल्या प्रमाणापेक्षा थोडं कमी ओतून, इंजिन एकदा चालवून, बंद करून, पाच मिनिटांनी पट्टी बघून मग बाकीचं घाला. जास्त भरलं तर क्रँकशाफ्ट ऑइलमध्ये आपटून फेस होतो आणि दाब पडतो. बिलावर ब्रँड, ग्रेड, दर्जा आणि किलोमीटर लिहून घ्या. जुनं ऑइल गटारात न जाता नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याकडे जातं ना, हेही विचारा. आपल्याकडची गटारं शेवटी कृष्णेलाच मिळतात.

पायरी सातवी: कधी बदलायचं

बहुतेक कंपन्या १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं आधी येईल ते, असं सांगतात. हायब्रिडवाल्यांचा घोटाळा इथे होतो. मीटरवर वर्षात चार हजारच पडलेले असतात आणि "अजून निम्मं आयुष्य बाकी आहे" असं वाटतं. पण ते चार हजार किलोमीटर सांगली-मिरज, राजवाडा-पोवई नाका असे तुकड्यातुकड्यांत झालेले असतील तर ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साठलेलं असतं. अशा गाडीला वर्ष ही कमाल मर्यादा समजा. रोजची फेरी सात-आठ किलोमीटरच्या आत असेल तर मी सहा ते आठ महिन्यांत बदलीन. याउलट सातारा-पुणे नेहमी करणाऱ्यानं दहा हजार निर्धास्त चालवावेत.

पंधरवड्यातून एकदा तरी गाडीला सलग लांब फेरी द्या. सातारा ते कऱ्हाड महामार्गानं पन्नासेक किलोमीटर आहे, तेवढ्यानं ऑइल पूर्ण तापतं आणि आतलं पाणी, इथेनॉल बरंचसं उडून जातं.

पट्टी काय सांगते

महिन्यातून एकदा, इंजिन थोडं चालून झाल्यावर गाडी सपाट जागी आणून पूर्ण बंद करा, पाच मिनिटं थांबा, पट्टी पुसून परत घाला आणि मग वाचा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. पातळी हळूहळू उतरत असेल तर गळती किंवा जळणं. पातळी वाढत असेल तर ते जास्त गंभीरपणे घ्या. पट्टीला पेट्रोलचा वास येतो का बघा आणि ऑइल लवकर बदला.

डिसेंबर-जानेवारीत झाकणाच्या आतल्या बाजूला दुधी फेस दिसला तर घाबरू नका. छोट्या फेऱ्यांची ती खूण आहे, एका लांब फेरीनं बहुधा जाते. पट्टीवरचं ऑइलच दुधाळ असेल आणि कूलंटही कमी होत असेल तर गॅस्केट गेल्याची शक्यता आहे. तेव्हा गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या.

सांगलीकरांसाठी एक वेगळी सूचना. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तळमजल्यावर उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. पुराच्या पाण्यात सापडलेली हायब्रिड सुरू होते का हे बघायला पॉवर बटण दाबू नका. इंजिन स्वतःहून फिरू शकतं आणि सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. उच्च दाबाची बॅटरी ओली असण्याचा धोका वेगळाच, म्हणून पाणी ओसरलं तरी गाडीला स्वतः हात लावू नका, पट्टी बघण्यापुरतासुद्धा नाही. कंपनीच्या माणसाला बोलवा. बॅटरी सुरक्षित असल्याची खात्री झाल्यावर आधी पट्टी बघतात, मग चेंबर रिकामा करून ऑइल आणि फिल्टर बदलतात, इंजिन हातानं फिरवून पाहतात, आणि पहिल्या काही किलोमीटरनंतर ते ऑइलही काढून पुन्हा नवं भरतात. त्या पहिल्या भरणीला पुस्तिकेतल्याच ग्रेडचं, पण साध्या ब्रँडचं ऑइल घेतलं तरी चालतं, ते लगेच निघायचंच असतं.